साडेपाच सेंटीमीटर आणि एक अख्खा हवाई तळ

हे प्रकरण कोपरखैरण्यातल्या एका मुलीचं. कुटुंबाची परवानगी घेऊन लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. करिअर समुपदेशनात असं एखादं प्रकरण येतं की त्यात मार्क, कल, व्यक्तिमत्त्व यांतलं काहीच अडलेलं नसतं. अडलेलं असतं ते डोळ्यांसमोरचं चित्र. ते बदललं की बाकीचं आपोआप हलायला लागतं.

मुलगी एकवीस वर्षांची, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आजवर एकही केटी (नापास होऊन मागे राहिलेला विषय) नाही. वडील बस आगारात मेकॅनिक, आई घरी शिवणकाम करते. मूळ गाव साताऱ्याकडचं. आजोबा माथाडी म्हणून मुंबईला आले, पुढे सिडकोच्या घरात कुटुंब स्थिरावलं. भावकीतले दोघेतिघे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, त्यामुळे फौज काय असते हे या घराला सांगावं लागत नाही. हवाई दल मात्र कुणी जवळून पाहिलेलं नव्हतं.

2016 च्या जूनमध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तिघी देशातल्या पहिल्या महिला फायटर पायलट झाल्या, तेव्हा ही सहावीत होती. तेव्हापासून एकच ध्यास. कॉलेजातल्या आरोग्य तपासणीत उंची भरली 157 सेंटीमीटर. मग तिनं हवाई दलाची जाहिरात पहिल्यांदा नीट, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. उड्डाण शाखेला किमान 162.5 सेंटीमीटर लागतात. शिवाय पायांची लांबी, मांडीची लांबी, बसल्यावरची उंची हेही मोजतात. त्यात कुणाचा आकस नाही. पाय रडरच्या, म्हणजे विमानाच्या सुकाणूच्या, पेडलपर्यंत पोचले पाहिजेत आणि इजेक्शन सीटनं बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटता कामा नयेत. लटकून, योगासनं करून, यूट्यूबवरचे उपाय करून साडेपाच सेंटीमीटर या वयात वाढत नाहीत. तिनं ते सगळं करून पाहिलं होतं.

2025 च्या पावसाळ्यात वडिलांचा फोन आला. "मॅडम, पोरगी गप्प झालीय. अभ्यासाची पुस्तकं माळ्यावर टाकलीत."

पहिल्या भेटीत आईवडील दोघंही सोबत आले. मुलगी फारसं बोललीच नाही. मी तिला सांगितलं की जमिनीवरच्या शाखांसाठी मुलींना 152 सेंटीमीटर पुरतात आणि तिची पदवी तांत्रिक शाखेला चालते. ती म्हणाली, "मॅडम, मला एअर फोर्समध्ये क्लार्क व्हायचं नाहीये."

या वाक्यावर मी थांबले. पर्यायांचा तक्ता पुढे सरकवायची सवय आम्हा समुपदेशकांना फार असते. इथे तक्ता देऊन काही होणार नव्हतं, कारण तिच्या मनातल्या हवाई तळावर एक धावपट्टी होती, एक विमान होतं, एक पायलट होता आणि उरलेले सगळे क्लार्क होते. दोष तिचा नाही. आपण शाळेत मुलांना जे चित्र काढायला लावतो त्यातही एवढंच असतं.

म्हणून सल्ला बाजूला ठेवून तिला एक काम दिलं. उद्या सकाळी सात वाजता एक सुखोई-30 उडणार आहे. तिथून मागे मागे जा. आधीच्या चोवीस तासांत तळावर कोण काय करतं ते वेळ घालून लिहून आण.

पुढच्या भेटीला ती एक कागद घेऊन आली. आठ ओळी होत्या. पायलट उठतो, ब्रीफिंगला जातो, जी-सूट घालतो, विमानाकडे चालत जातो, कॉकपिटमध्ये बसतो, इंजिन सुरू करतो, टॉवरची परवानगी घेतो, उडतो. सगळं दीड तासात आटोपलं होतं. साडेबावीस तास कोरे.

कागद वडिलांनी घेतला. वाचला आणि मेकॅनिकच्या सुरात विचारलं, "काल संध्याकाळी हे विमान परत आलं तेव्हा ड्रायव्हरनं काय तक्रार लिहिली होती? ती कुणी काढली? सही कुणाची?"

आगारात रोज रात्री तेच चालतं. गाडी आत येते, ड्रायव्हर वहीत लिहितो की ब्रेक डावीकडे ओढतोय, रात्रपाळी ते काढते, सकाळी सही होते, मग गाडी फाटकाबाहेर पडते. आयुष्यभर रात्रपाळ्या केलेल्या या माणसाला न पाहिलेला हवाई तळ मुलीपेक्षा जास्त कळत होता. त्या दिवशी पहिल्यांदा मुलीनं बापाकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं, असं मला वाटलं. वाटलं म्हणते, कारण तिनं काही बोलून दाखवलं नाही.

वहीबद्दलचा त्यांचा अंदाज अचूक होता. वाशीत राहणारे एक निवृत्त वॉरंट ऑफिसर अशा प्रकरणांत मला मदत करतात. सेवेत ते एअरफ्रेम फिटर होते. तिसऱ्या भेटीला त्यांना बोलावलं. वडील त्यांना साहेब म्हणायला लागले तेव्हा ते हसून म्हणाले, "साहेब कॉकपिटमध्ये बसायचे. मी खाली उभा राहून सही करायचो." मग त्यांनी त्या वहीबद्दल सांगितलं. हवाई दलात तिला फॉर्म 700 म्हणतात. प्रत्येक विमानाची स्वतःची. कोणी काय तपासलं, कोणता भाग बदलला, किती इंधन भरलं, कोणती त्रुटी बाकी ठेवून उडायला परवानगी आहे, हे सगळं त्यात. प्रत्येक ट्रेडचा, म्हणजे कामाच्या शाखेचा, माणूस आपापल्या रकान्यात सही करतो आणि शेवटी पायलट सही करून विमान ताब्यात घेतो. त्या सहीपर्यंत विमान जमिनीवरच्या माणसांचं असतं.

त्यानंतर मुलीच्या कागदावरचे कोरे तास भरायला सुरुवात झाली. वॉरंट ऑफिसर काका सांगत होते, ती लिहीत होती.

संध्याकाळी विमान उतरलं की पहिलं काम शेपटीतून सुटलेलं ब्रेक पॅराशूट गोळा करायचं. उतरताना वेग मोडायला ते उघडतं, धावपट्टीला जोडलेल्या टॅक्सी ट्रॅकवर पायलट ते सोडून देतो, गाडी येऊन उचलून नेते. ते तपासायचं, वाळवायचं, पुन्हा घडी घालून भरायचं. घडी चुकली तर पुढच्या वेळी ते उघडणार नाही, आणि ओल्या धावपट्टीवर ते न उघडणं म्हणजे काय हे सांगायला काकांनी फक्त हातानं सरळ पुढे बोट केलं. धावपट्टीच्या टोकाला विमान अडवणारं जाळं असतं ते त्याचसाठी.

रात्री सर्व्हिसिंग. इंजिनवाले वेगळे, एअरफ्रेमवाले वेगळे, इन्स्ट्रुमेंटवाले, रेडिओ-रडारवाले, इलेक्ट्रिकलवाले वेगळे. इजेक्शन सीट कोण पाहतं, असं काकांनी विचारलं. मुलगी म्हणाली, एअरफ्रेमवाले. नाही, शस्त्रास्त्रांचे फिटर. कारण सीटच्या बुडाशी स्फोटक असतं, आणि स्फोटकाला हात लावायचा तो त्याच ट्रेडनं. तिनं हे अधोरेखित केलं.

हत्यारं मोजून घ्यायची, मोजून परत करायची. पेटीत प्रत्येक पान्याची जागा कोरलेली असते, रिकामी जागा लांबून दिसते. एक स्क्रूड्रायव्हर सापडला नाही तर तो सापडेपर्यंत विमान उडत नाही, मग ग्रुप कॅप्टन येऊन उभे राहिले तरी. इथे वडील मान हलवत होते. आमच्याकडे असं असतं तर, असं काहीतरी पुटपुटलेही.

इंधनाचा बाउझर, म्हणजे टँकर, येतो. आधी नमुना काढून त्यात पाणी नाही ना हे पाहतात, मग विमान आणि बाउझर यांच्यात तार जोडतात, कारण वाहत्या इंधनानं साठलेली स्थिर वीज एका ठिणगीत सगळं संपवू शकते. सुखोईत नऊ टनांहून जास्त इंधन मावतं.

पहाटे हवामान विभाग: ढगांची उंची, दृश्यमानता, धावपट्टीवरचा वारा, पर्यायी तळ कोणता खुला आहे. पक्ष्यांवर नजर ठेवणारी माणसं वेगळी. तळाभोवती उघड्यावर कचरा पडला की घारी येतात, आणि घार इंजिनात गेली की काही कोटींचा प्रश्न होतो. (नवी मुंबईकरांना हे नवीन नाही. इथल्या विमानतळाच्या निमित्तानं खाडीतल्या फ्लेमिंगोंवर आपण वर्षानुवर्षं भांडतोच आहोत.) उजाडता उजाडता माणसं रांगेनं काँक्रीटवरून खाली बघत चालतात. खडा, नट, तारेचा तुकडा, जे दिसेल ते उचलायचं. जेट इंजिन हवेबरोबर खडाही ओढून घेतं.

शेवटी विमानाजवळ क्रू. लाल फिती लावलेल्या सुरक्षा पिना चाकांतून, शस्त्रांतून काढायच्या आणि पायलटला दिसतील अशा वर धरायच्या. तो त्या मोजतो, मान हलवतो, मगच चाकांखालचे अडथळे निघतात. काकांनी हे उभं राहून, टेबलावरची माझी पेनं हातात धरून करून दाखवलं.

आता कागद चार पानांचा झाला होता. पायलटच्या आठ ओळी होत्या तेवढ्याच राहिल्या.

या चार पानांना आकार दिला तर तळाची रचना दिसते. ढोबळमानानं तीन हात: उड्डाणाची कामं पाहणारा, देखभाल पाहणारा आणि प्रशासन पाहणारा. तिघांचे तीन प्रमुख, वर तळाचा मुख्य अधिकारी. पहिल्या हातात स्क्वॉड्रनबरोबर (विमानांच्या तुकडीबरोबर) टॉवर, रडारवरून उतरणाऱ्याला शब्दाशब्दानं खाली आणणारे नियंत्रक आणि हवामानवाले येतात. तिसऱ्यात हिशेब, पहारा, भोजनालय, शाळा, घरं. दवाखानाही असतोच, आणि तिथला डॉक्टर सर्दी झालेल्या पायलटला उडू देत नाही, कारण बंद कानानं उंची बदलली तर पडदा फाटतो. पाणी आणि वीज लष्कराची अभियांत्रिकी सेवा पाहते. एवढ्यावरून कळतं की हे छोटं गावच आहे, पण गावापेक्षा वेगळं एका बाबतीत. इथल्या शेवटच्या कामगाराच्या कामाचाही हिशेब विमान वेळेवर उडालं का याच एका प्रश्नात होतो.

आतापर्यंत आई गप्प होती. तिनं विचारलं, "म्हणजे ही खालीच राहणार. खाली राहिली की बरं ना?"

आई असा प्रश्न विचारते तेव्हा तिला काय उत्तर हवंय हे स्पष्ट असतं, आणि ते देण्याचा मोह होतो. मी दिलं नाही. काकांनीही नाही.

हवाई युद्धात सगळ्यात सोपं लक्ष्य म्हणजे जमिनीवर उभं असलेलं विमान. 5 जून 1967 ला इस्रायलनं इजिप्तचं बरंचसं हवाई दल उडण्याआधीच संपवलं. 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी पाकिस्ताननं युद्धाची सुरुवातच आपल्या हवाई तळांवर बॉम्ब टाकून केली. त्या युद्धात भूजची धावपट्टी खड्ड्यांनी भरली, तेव्हा माधापर गावच्या सुमारे तीनशे बायकांनी बहात्तर तासांत ती विमान उडण्याजोगी केली. 2 जानेवारी 2016 ला पठाणकोटच्या तळावर हल्ला झाला तो जमिनीवरून, कुंपण ओलांडून. तिथे वीरमरण आलेल्यांत तळाच्या पहाऱ्यासाठी असलेल्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान होते, हवाई दलाचे गरुड कमांडो गुरसेवक सिंह होते. 2025 च्या मे महिन्यात भारत आणि पाकिस्तान दोघांचेही हवाई तळच लक्ष्यावर होते, हे तर आईनं स्वतः टीव्हीवर पाहिलं होतं.

म्हणून आजचा तळ स्वतःचं रक्षण करण्यासाठीही बांधलेला असतो. विमानं एका रांगेत उभी करत नाहीत, जाड भिंतींच्या निवाऱ्यांत विखरून ठेवतात. दारूगोळा लांब. आकाश क्षेपणास्त्रांची पथकं, विमानभेदी तोफा, ड्रोन पकडणारी यंत्रणा. धावपट्टीच्या टोकाशी सज्ज विमानं, त्यांच्या शेजारच्या खोलीत पूर्ण पोशाखात बसलेले पायलट. खड्डा पडला तर तो तासांत बुजवायचं साहित्य आणि त्याचा सराव केलेली माणसं. आणि हे सगळं एका जाळ्यात जोडणारी हवाई नियंत्रण यंत्रणा, जिच्यामुळे दूरच्या रडारला दिसलेला ठिपका पुढच्या क्षणी कमांडच्या पडद्यावर असतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या मुलीनं इथे पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न विचारला: एवढ्या वेगवेगळ्या रडारांची माहिती एकत्र कशी करतात, एकच विमान दोनदा दिसत नाही का?

मला जे हवं होतं ते झालं होतं. आईला मात्र उत्तर आवडलं नाही आणि तिनं ते लपवलं नाही.

युद्धाबाहेरच्या कामांवर आम्ही फार वेळ घालवला नाही, पण आईसाठी ती बोलणं गरजेचं होतं. पुण्याहून विमानानं गेलेला प्रत्येक माणूस लोहगावच्या हवाई दलाच्या धावपट्टीवरूनच उडतो. टॉवरही हवाई दलाचा. ऑक्टोबर 2021 मध्ये धावपट्टीच्या कामासाठी तिथली प्रवासी विमानं दोन आठवडे बंद होती, तेव्हा हे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं. त्याच वर्षी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सी-17 विमानांनी ऑक्सिजनचे रिकामे टँकर पुण्याहून जामनगरला नेले. भरलेले परत रस्त्यानं किंवा रेल्वेनं, कारण द्रवरूप ऑक्सिजन भरून उडणं धोक्याचं. पण रिकामा फेरा वाचला तरी दिवस वाचतो. 4 ऑगस्ट 2019 ला आपल्याच ठाणे जिल्ह्यात, खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावात पुरात अडकलेल्या 58 जणांना हवाई दलाच्या एमआय-17 हेलिकॉप्टरनं उचललं. आईची चुलत बहीण टिटवाळ्याला असते, तिला तो पूर आठवत होता. आणि 11 ऑक्टोबर 2024 ला नवी मुंबईच्या नव्या धावपट्टीवर पहिल्यांदा उतरलं ते विमान कोणत्या प्रवासी कंपनीचं नव्हतं, हवाई दलाचं सी-295 होतं.

धावपट्टी नसलेलीही ठाणी असतात. ठाण्यात कोलशेतला, येऊरला हवाई दल आहे, शेजारून रोज रिक्षा जातात, पण विमान उतरताना कुणी पाहिलेलं नसतं. देवळालीला सुट्या भागांचं भांडार आहे. ओझरला दुरुस्ती आगार आहे, जिथे विमान पूर्ण उघडून पुन्हा बांधतात, आणि या सगळ्या देखभालीचं मुख्यालय नागपूरला. महाराष्ट्राच्या वाट्याला हवाई दलाचा आलेला मोठा भाग हा पान्याचा आणि भांडाराचाच आहे. मला तर हे अभिमानाचं वाटतं, पण ते माझं मत.

आता तिच्यासमोर काय होतं ते थोडक्यात. एएफकॅट ही हवाई दलात अधिकारी होण्यासाठीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, शेवटच्या वर्षाला असताना देता येते. तिच्या पदवीला तांत्रिक शाखेचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग बसतो. वयाची मर्यादा 26, म्हणजे घाईचं कारण नाही. लेखीनंतर पाच दिवसांची मुलाखत, तिचा पहिला दिवस निम्म्याहून जास्त जणांना घरी पाठवतो. मग वैद्यकीय. निवड झाली तर वर्षाहून जास्त काळाचं प्रशिक्षण, हैदराबादजवळ डुंडीगलला आणि बंगळुरूच्या जालहळ्ळीला. नोकरी अल्पकालीन सेवेतली: दहा वर्षं, पुढे चार वाढू शकतात.

ही दहा वर्षं मी जाड अक्षरात लिहून दिली. तिशी ओलांडल्यावर बाहेर पडायचं असेल तर त्यानंतर काय, हे आज विचारात घ्यायचं. विमान देखभालीचा अनुभव बाहेर विकला जातो, पण आपोआप नाही. कागदं, परवाने वेळेत करावे लागतात. बदल्या दर दोनतीन वर्षांनी, आणि कोपरखैरण्याजवळच मिळेल याची खात्री नाही.

मी तिला आणखी एक अप्रिय गोष्ट सांगितली. तांत्रिक शाखा पायलट न होता आल्याचं सांत्वन म्हणून घेतली तर मुलाखतीतच ते दिसतं. मंडळ विचारतंच: उंची साडेपाच सेंटीमीटर जास्त असती तर हीच शाखा घेतली असती का? पाठ केलेलं उत्तर तिथे टिकत नाही. तिनं थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, "नसती घेतली. पण तेव्हा मला हे काम माहीतच नव्हतं." मी म्हटलं, हेच बोल.

प्रकरण अजून चालू आहे. तिनं फॉर्म भरला, लेखी दिली. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बदलून धावपट्टीवरचा धातूचा तुकडा कॅमेऱ्यानं ओळखण्याचा घेतला आहे. गाईड सरांनी आधी नाक मुरडलं, मग मान्य केलं. कॉलेजच्या प्लेसमेंटला बसायचं ही आईची अट होती, ती तिनं पाळली. महापे भागातल्या एका कंपनीची ऑफर हातात आहे आणि ती स्वीकारायची की नाही यावरून घरात सध्या रोज बोलणं चालू आहे. आईचं म्हणणं, आधी हातातलं धर. वडिलांचं म्हणणं, मुलाखतीच्या तारखेपर्यंत थांबू. मी दोघांना मुदत वाढवून मागायचा ईमेल कसा लिहायचा ते सांगितलं आहे.